मास्तरची न दबलेली गादी

मी, जिची सही या कागदाच्या शेवटी आहे ती, वय वर्षं एकसष्ट, अविवाहित, धंदा खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरणं आणि त्यांना कापड चढवणं, राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, आणि गोड बोलून कुणी माझ्याकडून काही लिहून घेत नाही. डॉक्टरीणबाईंनी काल मला तपासून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला. त्यांच्या जागी मी असते तर जरा विचार केला असता. जिच्या हृदयाची झडप बिघडली आहे आणि जी फुटबॉलचा मोसम संपेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलते, अशा बाईच्या बुद्धीविषयी दोन मतं असू शकतात. पण दाखला तो दाखला. सोबत जोडला आहे.

कलम १. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी आमचा संघ खालच्या गटात घसरला, त्या आठवड्यात. म्हणजे रागाच्या भरात. माझ्या धाकट्या भावाला काहीही मिळू नये असं त्यात लिहिलं होतं. मैदानावरची माझ्या शेजारची जागा माझ्या पश्चात कायम रिकामी ठेवावी, असंही लिहिलं होतं. वकीलबाई तेव्हाही ह्याच होत्या. रिकाम्या जागेच्या नावाने काही करता येत नाही, हे त्यांनी मला तेव्हाच समजावलं. मी म्हटलं, तुम्ही लिहा. त्यांनी लिहिलं. ते मृत्युपत्र या कागदाने रद्द होत आहे. का, ते पुढे येईल. मला हल्ली कुठलीच गोष्ट एका दमात सांगता येत नाही.

कलम २. दुकानावरच्या दोन्ही खोल्या, त्यांतल्या सामानासह, माझ्या भाचीला द्याव्यात. भाची म्हणजे धाकट्याची मुलगी. बाप आणि आत्या एकमेकांचं तोंड बघत नव्हते तेव्हाही ती दर आठवड्याला जिना चढून यायची, आणि घरी गेल्यावर बापाने विचारलं तर मैत्रिणीकडे गेले होते म्हणून सांगायची. एकदा मी तिला म्हटलं, बापाशी खोटं बोलू नये. ती म्हणाली, "आत्या, त्यांना माहीत असतं. मी परत आले की ते पहिलं विचारतात, मैत्रिणीचा खोकला कसा आहे." खोल्यांना ऊन चांगलं येतं. स्वयंपाकघराची खिडकी जोरात ओढू नये, वर उचलून ओढावी.

बँकेत ऑपरेशनचा खर्च जाऊन जे उरेल तेही तिचंच. ऑपरेशन फसलं तर दवाखान्याशी तिने हुज्जत घालू नये. तिचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

कलम ३. दुकान, शिलाईचं मशीन, कापड कापायचं टेबल, कात्र्या, दाभण, वाकड्या सुया, हातोड्या, पकडी, काथ्याची पोती आणि गिऱ्हाइकांची नाराजी हे सगळं माझ्याकडे मशीनवर बसणाऱ्या बाईला द्यावं. तिला सगळे मशीनवाली म्हणतात. यापुढे मालकीणबाई म्हणावं. तिने एवढं पाळावं: जुन्या कापडावर नवं कापड चढवायचं नाही. आधीचं सोडवायचं, खालचा स्पंज बघायचा, मग नवं. आणि जे झिजलं नाही ते बदलायचं नाही. ही दोन्ही वाक्यं माझ्या वडिलांची आहेत. दुसऱ्या वाक्यामुळे काय झालं, ते कलम ५ मध्ये वाचावं.

माझी छोटी हातोडी, जिच्या दांड्याला निळी पट्टी गुंडाळली आहे, ती कुणालाही उसनी देऊ नये. विशेषतः शेजारच्या चावीवाल्याला.

कलम ४. त्या चावीवाल्याला मी काहीही ठेवत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकीलबाई म्हणतात की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला उभं राहू नये, पुढे वाद होतात. तो शेजारच्या शहराच्या संघाचा भक्त आहे. आमच्या दुकानांच्या मधल्या भिंतीवर त्याने हातोडीने जितके ठोके मारले, त्यातले निम्मे त्यांच्या संघाने गोल केल्याच्या आनंदात मारले. म्हणूनच त्याची साक्ष घेतली. ती माझ्या बाजूने आहे असं कुणी म्हणणार नाही. पुढच्या खोलीतली हातांची खुर्ची त्याला आवडते, तेवढी मी काल जिवंतपणीच त्याला उचलून न्यायला लावली. तो म्हणाला, "ऑपरेशननंतर परत मागशील." मी म्हटलं, मागेन.

कलम ५. आता मास्तर.

मास्तर म्हणजे आमच्या संघाचा मॅनेजर. त्याला आम्ही सगळे मास्तर म्हणतो, आणि अरेतुरेने बोलतो, कारण तो घरचा आहे. तो या मोसमाच्या शेवटी जातोय. उद्याचा सामना त्याचा शेवटचा. मृत्युपत्रात त्याचं काय काम, असं वकीलबाईंनी विचारलं. वकीलबाई, माझ्या आयुष्यात त्याचं काय काम होतं हे मलाही आत्ता आत्ता कळतंय, तर लिहू द्या.

आमचं दुकान माझ्या वडिलांपासून संघाच्या बाकावरच्या गाद्या भरतं. मैदानालगत बदली खेळाडू आणि मॅनेजर बसतात तो हा बाक. एकेका माणसाची वेगळी गादी: फळी, तिच्यावर स्पंज, वर जाड निळं कापड, मागून खिळे. मोसम संपला की सगळ्या गाद्या हातगाडीवरून आमच्याकडे येतात. कुणाची गादी एका बाजूला कललेली, कुणाची पुढच्या काठाशी फाटलेली, एका गोलकीपरने तर दातांनी कुरतडली होती, तो मान्य करत नाही. मास्तर आला त्याच्या पहिल्या मोसमानंतर गाद्या आल्या, तेव्हा मधली एक गादी जशी पाठवली तशी परत आली. ना खळगा, ना सुरकुती. धाकट्याने ती वर धरून बघितली आणि म्हणाला, "ताई, हा माणूस बसतच नाही."

खरंच बसत नसे. पाऊस असो, ऊन असो, आम्ही तीन गोलांनी पुढे असो की मागे, तो रेषेपाशी उभा. तेव्हापासून दर मोसमाच्या शेवटी गाडी दारात आली की मी आणि धाकटा आधी ती एक गादी शोधायचो. तो अंगठ्याने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "नाही बसला." मग मी चहा टाकायचे. आमच्या घरी एवढ्यावर वर्ष संपायचं.

मी त्याच्यावर विसंबून राहिले ते त्या गादीमुळे. करंडकांमुळे नाही, ते कुठे होते? माझी अशी समजूत झाली की जोवर ती गादी दबत नाही तोवर कुणीतरी आपल्यासाठी उभं आहे. मला एकदा एक चांगला माणूस लग्नाचं विचारायला आला होता. शनिवारी दुपारी आला, सामन्याच्या वेळी. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी या. तो आला नाही. मला फार वाईट वाटलं नाही, आम्ही जिंकलो होतो.

मग संघ घसरला. सगळं मैदान मास्तरवर उलटलं, आणि त्यात माझा सख्खा भाऊ पुढे. शेवटच्या सामन्याला त्याने आणि त्याच्या दोस्तांनी एक लांबलचक फलक फडकवला: मास्तर, घरी जा. मी आमच्या जागेवरून बघितलं आणि ताडकन उठले. शब्दांमुळे नंतर, कापडामुळे आधी. गाद्यांसाठी बाजूला ठेवलेलं निळं कापड होतं ते, माझ्याच दुकानातल्या ताग्याचं. त्याला वाटलं, एवढ्या ताग्यात कुणाला कळतंय. ज्या माणसाच्या गादीसाठी कापड ठेवलं, त्यालाच त्या कापडावरून घरी धाडायला निघाला.

मैदानाच्या जिन्यात आमचं भांडण झालं. तो म्हणाला, "ताई, तुला तो माणूस भावापेक्षा जवळचा झालाय." मी म्हणाले, "तो निदान पावसात उभा राहतो. तू पहिला गोल बसला की उठून जातोस." यातलं फुटबॉलबद्दल किती होतं आणि त्याच्या अर्धवट सोडलेल्या नोकऱ्यांबद्दल किती, हे त्याला बरोबर कळलं. तो जिना उतरून गेला. पुढच्या मोसमापासून तो समोरच्या बाजूला बसायला लागला, मोठ्या घड्याळाखाली.

फलक मैदानाच्या रखवालदाराने मला आणून दिला. म्हणाला, तुमच्याच दुकानचं कापड दिसतंय. त्या वर्षी ताग्यात एका गादीपुरतं कापड कमी पडलं. तसला निळा रंग पुन्हा मिळेना, नवा मोसम तोंडावर आलेला. मास्तरच्या गादीचं कापड झिजलं नव्हतं, पण बाकाच्या छपरातून गळणाऱ्या पाण्याने त्यावर डाग पडले होते, म्हणून तेही बदलायचं होतं. शेवटी मी फलकातला "घरी जा" एवढा तुकडा कापला, रंगाची बाजू आत केली आणि मास्तरच्या गादीवर चढवला. बाहेरून काही कळत नव्हतं. आणि तो कुठे बसणार होता?

पुढे वर्षानुवर्षं ती गादी येत राहिली आणि मी पुसून परत पाठवत राहिले. जे झिजलं नाही ते बदलायचं नाही. संघ वर चढला, मधे रेंगाळला, पुन्हा घसरता घसरता वाचला. मास्तर उभाच. मी त्याच्या बाजूने दुकानात, रांगेत, दवाखान्यात, जिथे म्हणाल तिथे भांडले.

या वर्षी सामन्यांना मधे सुट्टी होती तेव्हा बाकाचं छप्पर पुन्हा गळलं, म्हणून गाद्या वाळवायला मोसमाच्या मधेच आमच्याकडे आल्या. सवयीने मी ती मधली आधी काढली. अंगठा ठेवण्याआधीच दिसलं. खळगा पडला होता. एकदा टेकल्याचा नव्हे, चांगला बसल्याचा.

मी मशीनवालीला काही सांगितलं नाही. वर जाऊन पडून राहिले. पुढे काही आठवड्यांनी मास्तरने जाहीर केलं की तो जातोय. गाव हादरलं, मी नाही. पण मला राग आला, आणि तो या कागदात नोंदवून ठेवायचा आहे. मुलाखतीत तो हसत होता. म्हणाला, दमलोय, आता घरामागे टोमॅटो लावीन. टोमॅटो! ज्याच्यापायी मी पाठच्या भावाशी वैर धरलं, तो माणूस भांडण माझ्या गळ्यात अडकवून टोमॅटो लावायला निघाला. जायचंच होतं तर तेव्हाच का नाही गेला, जेव्हा सगळे जा म्हणत होते? निदान माझा भाऊ तरी राहिला असता. आणि आता, जेव्हा सगळे थांब म्हणताहेत, तेव्हा निघाला. त्याचा निरोप समारंभ करताहेत. ज्यांनी त्याच्यावर बाटल्या फेकल्या होत्या ते हार आणताहेत. नवा माणूस म्हणे सामनाभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसून असतो. त्याची गादी दर वर्षी बदलावी लागेल. मशीनवालीच्या धंद्याला बरंच आहे.

सबब, मास्तरला मी माझ्या मिळकतीतलं काहीही ठेवत नाही. त्याचं तो घेऊन जातोय.

कलम ६. ज्या दिवशी ते जाहीर झालं, त्या संध्याकाळी दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे धाकटा होता. इतक्या वर्षांनी त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"ताई, गादी बघितलीस?"

"बघितली."

"बसला?"

"हो रे. बसला."

त्याच्याकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केल्याचं मला ऐकू आलं.

संघाच्या चिटणीसांनी ती गादी मास्तरला निरोपाची भेट म्हणून द्यायचं ठरवलं, आणि नवं चकचकीत कापड चढवून मागितली. नवं चढवायचं म्हणजे जुनं सोडवायचं. मी गादी टेबलावर पालथी घातली तेव्हा धाकटा दारात येऊन उभा राहिला. केस सगळे पांढरे. मला वाटलं होतं, मैदानापलीकडून पांढरं दिसायचं ती टोपी आहे. तो आत आला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला. मी खिळे उपटायला लागले. तिसऱ्या-चौथ्या खिळ्यालाच मला धाप लागली. त्याने माझ्या हातातून पक्कड काढून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. ऑपरेशन केव्हा, तेही सांगितलं. त्याने विचारलं, मला कळवणार होतीस का. मी म्हटलं, मास्तरने कळवलं होतं का आपल्याला? तो म्हणाला, "त्याने गादीवरून कळवलं. तुझी गादी मी कुठे शोधू?"

उरलेले खिळे त्याने काढले. कापड उचललं आणि उलटं केलं. त्याचंच अक्षर, त्याचाच तो लांब काना. तो वाचत राहिला, मग खाली फरशीवर बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याने तोंड हातात झाकलं.

"म्हणजे मी ओरडत होतो ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही."

मी म्हटलं, "पोचलं की. या वर्षी बसला तेव्हा."

नव्या कापडाला मशीनवालीने शिलाई मारली, चढवलं मी आणि धाकट्याने मिळून. चिटणीस म्हणाले होते की स्पंजही नवा घाला, दबलेला बरा दिसत नाही. स्पंज मी बदललेला नाही, आणि यापुढे कुणी विचारलं तर माझं नाव सांगावं. तो खळगा मास्तरचा आहे. एवढी वर्षं उभं राहून त्याने तो मिळवला आहे. घरामागे टोमॅटोंपाशी ती गादी ठेवेल तेव्हा त्याला आपल्या मापाची जागा तयार मिळावी. माझा राग वर लिहिला आहे तसाच कायम आहे. ही वेगळी गोष्ट.

"घरी जा" लिहिलेला तुकडा धाकट्याला द्यावा. तो टाकून देतो म्हणत होता, मी दिला नाही. तो त्याने घडी करून ठेवावा. कुणावर पुन्हा ओरडावंसं वाटलं तर आधी ती घडी उघडावी.

कलम ७. मैदानावरच्या दोन जागा. या जागा वडिलांनी आम्हा दोघा भावंडांसाठी घेतल्या. स्वतः ते मागच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. म्हणायचे, बसलं की झोप येते. आमच्या भांडणानंतर मी दुसरी जागा सोडली नाही. दर मोसमाला दोन्हींचे पैसे भरले आणि तिच्यावर माझी पिशवी ठेवली. लोक विचारायचे, इथे कुणी आहे का? मी म्हणायचे, आहे, आत्ता येईल.

परवा हे मी धाकट्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "माहीत आहे. घड्याळाखालून ती पिशवी दिसायची. तपकिरी होती, मग मधे केव्हातरी हिरवी घेतलीस."

ती जागा धाकट्याची. माझ्या पश्चात नव्हे, उद्यापासून. माझी जागा माझ्या पश्चात भाचीची. दोघांनी शेजारी बसावं. नवा लॅपटॉपवाला हरला तर हरू द्यावा, त्याला दोन मोसम तरी द्यावेत. एकाने त्याची बाजू घ्यावी आणि दुसऱ्याने शिव्या घालाव्यात, पण सामना संपेपर्यंत दोघांनी जागेवरून उठू नये. एवढी एकच अट आहे. ती धाकट्याला विशेषकरून लागू आहे.

कलम ८. मी शनिवारी गेले तर पुढचं सगळं रविवारी करावं. लोकांना ओढाताण नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ज्याला यातलं काही पटणार नाही त्याने त्यांच्याशी बोलावं, त्या ऐकून घेतात आणि मग आपल्याला हवं तेच लिहितात.

एक गोष्ट राहिली. धाकट्याला साक्षीदार व्हायचं होतं. वकीलबाईंनी नियम सांगितल्यावर तो म्हणाला, मग माझं नाव कलमातून काढा, मला जागा नको, सही करू द्या. मी म्हटलं, सही कुणीही करेल, त्या जागेवर कुणीही बसून चालणार नाही. म्हणून ज्यांना काही मिळणार आहे त्या सगळ्यांना सही होईपर्यंत बाहेर थांबायला सांगितलं आहे. भाची आणि मशीनवाली पुढच्या खोलीत गप्पा मारताहेत. धाकटा दाराच्या काचेतून मला दिसतोय. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या डझनभर खुर्च्या आहेत, सगळ्या बसण्याजोग्या, आणि तो मघापासून उभा आहे. हात मागे बांधून, नजर या दारावर. मास्तर रेषेपाशी उभा राहायचा तसा.

सही झाली की मी दार उघडून त्याला सांगणार आहे, बस रे आता थोडा.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो बरोबर आहे.

सही: मृत्युपत्र करणारी, गादीवाली

आमच्यादेखत तिने सही केली आणि तिच्यादेखत आम्ही केली:

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. (ऑपरेशन सोमवारी आहे. ते याउपर पुढे ढकललं जाणार नाही, हे त्यांच्या आग्रहावरून इथे लिहिलं आहे.)

साक्षीदार दुसरा: शेजारचा चावीवाला. (उद्या आमच्या संघाने जिंकावं असं त्याने आज, फक्त आजच्यापुरतं, म्हटलं. हे त्याने नंतर नाकारल्यास हा कागद दाखवावा.)

ठिकाण: दुकानाची मागची खोली, कापड कापायच्या टेबलावर.

तारीख: शुक्रवार, शेवटच्या सामन्याचा आदला दिवस.